वस्तीवरचा कॅमेरा : बसवावा कसा, बिघडला तर पाहावा कसा



ऊस विकास विभागाने बेणे, खत, पाचट आणि पाणी यांबद्दल लिहायचे, हा आपला शिरस्ता. मग या अंकात कॅमेऱ्याचा विषय कुठून आला, असे कोणालाही वाटेल. त्याचे कारण असे की, गेली दोन-तीन वर्षे आम्ही प्लॉट पाहणीला गेलो की उसाचे बोलणे संपता संपता सभासद हळूच विचारतात, "साहेब, विहिरीवर कॅमेरा बसवावा म्हणतोय, कुठला घेऊ?" आणि ज्यांनी बसवला आहे ते म्हणतात, "बसवला हो, पण रात्रीचं काहीच दिसत नाही त्यात." दोन्ही प्रश्न इतक्या वेळा आले की एकदा सविस्तर लिहून टाकणे बरे, असे आम्हास वाटले.

आणि विषय उसाशी संबंध नसलेला आहे, असेही नाही. चैत्र-वैशाखात मोटारीची केबल कापून नेली, तर नवी आणून जोडेपर्यंत पाच-सहा दिवस सहज जातात. तेवढ्यात आठवड्याची पाळी चुकते आणि खोडवा वाळू लागतो. शिवाय आज कित्येक वस्त्यांवर मुले पुण्या-मुंबईस नोकरीला आणि घरी दोघेच म्हातारे, अशी स्थिती आहे. त्यांच्या मुलांना रात्री एकदा मोबाइलवर अंगण दिसले की झोप लागते. तेव्हा ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पण पैसे घालून आंधळा कॅमेरा टांगण्यापेक्षा एक चांगला कुत्रा पाळलेला बरा, हेही तितकेच खरे.

थोडा इतिहास

घराच्या राखणीसाठी कॅमेरा वापरण्याची कल्पना एका नोकरदार बाईची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाच्या परिचारिका राहत. कामाच्या वेळा अवेळी, घरी एकटीने राहण्याचा प्रसंग वारंवार येई, आणि पोलीस येईपर्यंत फार वेळ जाई. त्यांनी व त्यांचे पती आल्बर्ट यांनी मिळून दारात फिरता कॅमेरा, आत पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय आणि मदत मागण्याचे बटण अशी योजना तयार केली. १९६६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला व १९६९ च्या डिसेंबरात ते मंजूर झाले. एकटे राहणाऱ्या माणसाला दार न उघडता बाहेर कोण आहे ते कळावे, एवढीच त्यामागची गरज. आपल्या वस्तीवरील गरज याहून वेगळी नाही.

आधी कागदावर आखणी

लागण करण्यापूर्वी आपण सरीची दिशा ठरवतो, तसे कॅमेरा घेण्यापूर्वी एक कागद घेऊन घर, गोठा, विहीर, स्टार्टरची पेटी, ट्रॅक्टरचे शेड आणि रस्ता यांचे चित्र काढावे. मग प्रत्येक जागेपुढे लिहावे की, येथे आपल्याला काय पाहायचे आहे. माणूस आला एवढे कळले तरी पुरे, की तो कोण आहे हे ओळखू आले पाहिजे? या दोन गोष्टींत फार अंतर आहे आणि फसगत नेमकी येथेच होते.

दुकानात दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा लावून दाखवतात, तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसतो. तोच कॅमेरा शंभर फुटांवर लावला की दिसते फक्त एक हलणारी आकृती. या धंद्यातील मानक असे आहे की, अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी चित्रात एक मीटर रुंदीला २५० ठिपके पडले पाहिजेत. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० ठिपके असतात. म्हणजे चौकटीत साधारण साडेसात मीटर रुंदीची जागा मावेपर्यंतच चेहरा ओळखू येतो. त्यापुढे नुसते "कोणीतरी आहे".

ही रुंदी भिंगावर अवलंबून असते. अदमासे हिशेब असा धरावा :

२.८ मिमी भिंग : चेहरा १० फुटांपर्यंत, पसारा मोठा. दार, पडवी, ओसरी यांसाठी.
३.६ मिमी भिंग : चेहरा १४-१५ फुटांपर्यंत. अंगण, गोठा.
६ मिमी भिंग : चेहरा २५ फुटांपर्यंत. शेड, फाटक.
१२ मिमी भिंग : चेहरा ५० फुटांपर्यंत, पण पट्टा अरुंद. विहीर, स्टार्टरची पेटी.

एका कॅमेऱ्याने सगळा मळा दिसेल, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. सगळे दिसेल, पण ओळखू काहीच येणार नाही. त्यापेक्षा माणसाला जेथून जावेच लागते अशी एक अरुंद जागा शोधावी, म्हणजे फाटक, बांधावरची पायवाट किंवा विहिरीची पायरी. तेथे एक कॅमेरा योग्य भिंगाचा लावावा. उंची नऊ-दहा फूट असावी. फार उंच लावला तर टोप्या आणि फेटेच दिसतात, फार खाली लावला तर हात पोहोचतो.

आणखी एक गोष्ट, जी कॅमेरेवाला सांगणार नाही, कारण तो ऊस लावत नाही. ऊस वाढतो! कॅमेरा जूनमध्ये बसवला तेव्हा लागण गुडघ्याएवढी असते आणि विहीर कशी तळहातावर दिसते. दिवाळीपर्यंत मध्ये दहा-बारा फुटांची हिरवी भिंत उभी राहते. तेव्हा खांबाची जागा ठरवताना मोठा ऊस डोळ्यांसमोर आणून ठरवावी. विहीर उसाच्या मधोमध असेल तर घरावरून तिच्यावर नजर ठेवण्याचा विचारच सोडावा. खांब विहिरीजवळच रोवावा.

कोणता संच घ्यावा

बाजारात नावे पुष्कळ आहेत, पण प्रकार मोजून चार.

पहिला, जाड गोल केबलवर चालणारा, डीव्हीआर पेटीचा संच. स्वस्त व दणकट. गावातल्या वायरमनला दुरुस्त करता येतो. घर, गोठा, शेड जवळजवळ असतील तर उत्तम.

दुसरा, संगणकाच्या नेटवर्क केबलवर चालणारा, एनव्हीआर पेटीचा संच. यात वीज आणि चित्र एकाच केबलमधून जाते. चित्र चांगले, पण एका दमात केबल १०० मीटरच्या पुढे नेता येत नाही. पुढे न्यायची तर मध्ये जोडयंत्र लागते.

तिसरा, वायफायचा सुटा कॅमेरा. घरात, पडवीत ठीक. यांतील बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरच चालतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवला तर कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. पत्र्याच्या शेडपलीकडे या लहरी नीट जात नाहीत, हे विसरू नये.

चौथा, सिमकार्डाचा व सोलर पॅनेलचा कॅमेरा. ज्या विहिरीवर सिंगल फेज नाही आणि थ्री-फेज ठरावीक तासच असते, तेथे हाच उपाय. परंतु त्याचा डेटाचा हिशेब आधी समजून घ्यावा. एक मेगाबिटच्या वेगाने चित्र सतत पाठवले तर दिवसाला १०.८ जीबी डेटा लागतो. दोन जीबी रोजचा रिचार्ज सकाळ व्हायच्या आत संपतो. म्हणून चित्रण आतील मेमरी कार्डावर ठेवावे आणि मोबाइलवर पाहावे लागेल तेवढेच पाहावे. अर्धा तास पाहिले तर सव्वादोनशे एमबी जातात, ते परवडते. आणि रिचार्जची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. रिचार्ज संपल्यामुळे मोबाइलवर मुके झालेले कॅमेरे आम्ही पाहिले आहेत.

सोलरचाही हिशेब सोपा आहे. सतत चालणारा पाच-सहा वॅटचा कॅमेरा दिवसाला सुमारे १४० वॅट-तास वीज खातो. त्याला साठ वॅटचे पॅनेल आणि १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर दोन-तीन ढगाळ दिवस निघतात. माणसाची चाहूल लागली तरच जागे होणारे कॅमेरे यापेक्षा कितीतरी कमी वीज खातात. त्यांना लहान पॅनेल पुरते. मात्र आषाढातल्या झडीचा विचार करूनच पॅनेल घ्यावे, मार्चच्या उन्हाकडे पाहून घेऊ नये.

खरेदी करताना खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना बाहेरून कोणी शिरकाव करू नये यासाठीची चाचणीही सक्तीची झाली आहे. पक्के बिल घ्यावे. पुढे पोलिसांत किंवा वॉरंटीसाठी तेच कामी येते.

चित्रण किती दिवस टिकेल

हा प्रश्न फार थोडे सभासद विचारतात आणि अडचण येथेच होते. पेटीतील हार्ड डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसून नवे लिहिले जाते. दोन मेगाबिटच्या वेगाने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी जागा घेतो. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबी झाले. म्हणजे एक टीबीची डिस्क दहा-अकरा दिवसांत भरते.

आता विचार करा. पावसाळ्यात मोटार वीस-वीस दिवस चालू करावी लागत नाही. केबल गेलेली कळते ती पाऊस उघडल्यावर. तोवर चोरीच्या रात्रीचे चित्रण पुसून गेलेले असते! आमचा सल्ला असा की, शेतावरच्या संचाला किमान तीस दिवसांची सोय असावी. त्याकरिता चार टीबीची डिस्क घ्यावी. नाही तर एच.२६५ या पद्धतीचा संच घेऊन वेग एक मेगाबिटवर आणावा, म्हणजे दोन टीबीत महिना निघतो. डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली मागावी. जुन्या संगणकातील काढून घातलेली डिस्क फार दिवस टिकत नाही.

वीज, केबल आणि विजांचा कडकडाट

चार कॅमेरे आणि पेटी मिळून भार ३५ ते ४० वॅटचा, म्हणजे एका लहान पंख्याएवढाही नाही. १५० अँपिअर-तासाच्या घरच्या इन्व्हर्टरवर हा भार एकटा असेल तर रात्र सहज निघते. पण राउटरही इन्व्हर्टरवरच घ्यावा. पुष्कळ ठिकाणी पेटी इन्व्हर्टरवर आणि राउटर सरळ लाइनवर असतो. मग वीज गेली की चित्रण होत राहते, पण पुण्यातल्या मुलाला "ऑफलाइन" दिसते आणि तो घाबरून फोन करतो.

केबल नळीतून न्यावी. गोठ्यात उंदीर-घुशी केबल कुरतडतात आणि पाचट कुट्टी करताना उघडी केबल यंत्रात सापडते. जोड शक्यतो टाळावा. द्यावाच लागला तर बंद डबीत द्यावा. नुसती टेप गुंडाळून उघड्यावर सोडू नये. डबीत शिरण्यापूर्वी केबलला खालच्या बाजूने एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळून त्या झोळापाशी गळून पडते, डबीत जात नाही.

मृगाच्या विजांनी कॅमेरे जातात ते बहुधा लांब तांब्याच्या केबलमुळे. वीज जवळपास पडली तरी लांब तारेत दाब चढतो आणि एका टोकाची पेटी व दुसऱ्या टोकाचा कॅमेरा दोन्ही निकामी होतात. म्हणून घराला नीट अर्थिंग असावे, प्रत्येक लांब केबलवर सर्ज संरक्षक बसवावा. दोन इमारतींत अंतर फार असेल तर तांब्याऐवजी फायबर टाकावी किंवा बिनतारी जोड घ्यावा. बिनतारी जोडात दोन्ही अँटेना एकमेकींना दिसल्या पाहिजेत. येथेही उसाची आणि झाडांची उंची ध्यानात घ्यावी.

बिघाड शोधताना

पिकावर पिवळेपणा आला की आपण लगेच युरिया टाकतो, पण दोष कधी लोहाचा, कधी निचऱ्याचा निघतो. कॅमेऱ्याचेही तसेच. चित्र गेले की "कॅमेरा उडाला" म्हणून नवा आणला जातो आणि तोही चालत नाही. तेव्हा एकच नियम पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बंद कॅमेऱ्याची केबल पेटीत दुसऱ्या, चालू असलेल्या जागी लावून पाहावी. चित्र आले तर पेटीतील जागा खराब. नाही आले तर खांबावरचा कॅमेरा काढून पेटीजवळ आणावा आणि हातभर केबलवर लावावा. तेथे चालला तर कॅमेरा निर्दोष, दोष केबलचा किंवा जोडाचा. एवढ्या परीक्षेत निम्म्याहून अधिक खर्च वाचतो.

आता नेहमी आढळणारी लक्षणे.

दिवसा चालतो, रात्री बंद पडतो. ही तक्रार सर्वांत अधिक आणि कारण बहुतेक वेळा एकच. अंधार पडला की कॅमेऱ्यातील अदृश्य प्रकाशाचे दिवे लागतात आणि त्याची विजेची भूक दुप्पट-अडीचपट होते. समजा, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेवर कॅमेरा ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांवर आहे. जाणारी-येणारी तार १२० मीटर झाली, तिचा रोध सुमारे चार ओहम. दिवसा ०.२ अँपिअर प्रवाहाला ०.८ व्होल्ट पडतात, टोकाला ११.२ मिळतात, काम चालते. रात्री अर्धा अँपिअर लागला की दोन व्होल्ट पडतात आणि टोकाला दहाच उरतात. पुष्कळ कॅमेरे १०.८ च्या खाली तग धरत नाहीत. मग तो बंद पडतो, दिवे विझतात, व्होल्टेज चढते, पुन्हा चालू होतो, पुन्हा पडतो. आपल्या शेवटच्या डीपीवरच्या मोटारीची जी गत, तीच याची. उपाय : मल्टिमीटरने व्होल्टेज कॅमेऱ्याच्या टोकाला मोजावे, आणि तेही रात्री. कमी असेल तर दीड चौरस मिलिमीटरची तार टाकावी. त्याच अंतरावर मग पाऊण व्होल्टही पडत नाही. नाही तर विजेचा अडॅप्टर कॅमेऱ्याजवळच बंद डबीत बसवावा.

रात्री चित्र पांढरे धुरकट दिसते. कॅमेऱ्याच्या तोंडावर कोळ्याचे जाळे, वळचणीचा पांढरा पत्रा किंवा चुन्याची भिंत फार जवळ असेल तर त्याचाच प्रकाश उलटून येतो. जाळे झाडूने काढावे, भिंत चौकटीत येणार नाही असे तोंड फिरवावे. तोडणीच्या दिवसांत धूळ, पाचटाची राख काचेवर बसते. मऊ ओल्या कापडाने पुसावी, धोतराच्या सोग्याने घासू नये. माघातल्या पहाटे ओलवलेल्या प्लॉटवर धुके असते, तेव्हाचे धुरकट चित्र हा बिघाड समजू नये.

दिवसा रंग गुलाबी-जांभळे दिसतात. आतली बारीक काचेची झडप अडकलेली असते. वीज बंद करून पुन्हा चालू करावी. तरीही फरक न पडल्यास कॅमेरा दुरुस्तीस द्यावा.

चित्रात आडव्या पट्ट्या वर-खाली सरकतात. दोन इमारतींच्या अर्थिंगमधील फरक, किंवा कॅमेऱ्याची केबल मोटारीच्या केबलला बांधून नेलेली. दोन्ही केबली हातभर अंतराने वेगळ्या न्याव्यात.

पेटी सारखी पिपी वाजते. बहुधा हार्ड डिस्क सापडत नाही. घरातील मंडळी कंटाळून आवाज बंद करतात आणि पुढे दोन महिने काहीच साठत नाही. आवाज आला की आधी जुने चित्रण उघडते का, ते पाहावे.

मोबाइलवर दिसत नाही, घरच्या टीव्हीवर दिसते. दोष कॅमेऱ्याचा नाही, इंटरनेटचा आहे. राउटर, रिचार्ज, बदललेला वायफायचा पासवर्ड या क्रमाने पाहावे.

दिवसभर "हालचाल, हालचाल" असे निरोप येतात. वाऱ्याने उसाची पाने हलतात, त्याला यंत्र माणूस समजते. शंभर निरोप आल्यावर माणूस निरोपच बंद करून टाकतो आणि एकशे एकावा खरा असतो. संचात "फक्त माणूस" किंवा "फक्त वाहन" ओळखण्याची सोय असेल तर ती लावावी, आणि उसाचा भाग चौकटीतून वगळून फक्त पायवाट ठेवावी.

तारीख-वेळ चुकते. पेटीत घड्याळाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सेल अगदी थोड्या पैशांत मिळतो, पण त्याच्याअभावी सगळे चित्रण वादात सापडते.

कॅमेरा खोटे बोलू नये

येथे आमच्या पाहण्यातील दोन गोष्टी सांगतो. नावे-गावे सांगत नाही.

मागे एका हंगामात एका सभासदाच्या विहिरीवरून रात्रीत केबल गेली. शेजारच्या प्लॉटात बीडकडची टोळी उतरलेली होती. कोणी काही पाहिले नव्हते, तरी बोट तिकडेच दाखवले गेले. मुकादम बिचारा म्हणाला, "साहेब, सगळ्या कोप्या उघडून बघा." कॅमेरा होता म्हणून सर्वांनी आशेने पेटी उघडली. पाहतो तर रोज संध्याकाळी सातच्या पुढे पडदा काळा, तारीखही तीन वर्षे मागची. तार बारीक आणि अंतर दोनशे फूट. कोप्या पाहिल्या, त्यांत बाजरीचे पीठ आणि लेकरांचे कपडे याशिवाय काही निघाले नाही. चोर कोण हे आजवर कळले नाही. पण टोळी त्या मळ्यात पुन्हा उतरायला तयार होईना, आणि त्यांचा ऊस त्या वर्षी अगदी शेवटच्या पट्ट्यात तुटला. वजन घटले ते वेगळेच. ज्या माणसांच्या कोयत्यावर आपला हंगाम चालतो, त्यांना विनाकारण चोर म्हटले गेले, ते मात्र भरून येणारे नाही.

दुसरी गोष्ट उलट. दोन चुलतभावांत बांधाचा जुना वाद. एकाच्या ठिबकच्या नळ्या रोज रात्री तुटू लागल्या. हे दुसऱ्याचेच काम, अशी त्याची खात्री. पोलीस ठाण्यात अर्ज लिहून तयार होता. धाकट्या मुलाने सोलरचा कॅमेरा आणून बांधावर लावला. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास चित्रात चार रानडुकरे, पाण्यासाठी नळ्या चावताना! अर्ज फाडून टाकला. भाऊबंदकी मिटली असे आम्ही म्हणत नाही, पण एक खटला तरी टळला.

तेव्हा चोर पकडणे हा कॅमेऱ्याचा एक उपयोग झाला. निर्दोष माणसावरचा संशय फिटणे हा दुसरा, आणि आमच्या मते तो अधिक मोलाचा. साक्षीदार ठेवायचा तर तो शुद्धीवर पाहिजे.

पुरावा म्हणून

चोरी झालीच तर घाईने पेटीची बटणे दाबू नयेत, डिस्क काढू नये. पेटीतील वेळ आणि मोबाइलवरील खरी वेळ यांतील फरक कागदावर लिहावा. ११२ क्रमांकास कळवावे. ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे त्यांनी तिचाही उपयोग करावा. चित्रणाची नक्कल पोलिसांसमक्ष पेनड्राइव्हवर घ्यावी.

अशा नकलेसोबत कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतील उमेदवारी अर्ज मुदतीत आले की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. मूळ यंत्रच हजर करून सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग दिले आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा व दुसरा तज्ज्ञाने. वकिलाचा सल्ला घ्यावा, पण मूळ पेटी व डिस्क जपून ठेवणे आपल्याच हाती आहे.

दुसऱ्याची अब्रू, आपला पासवर्ड

कॅमेऱ्याचे तोंड आपल्या दारापुरते, आपल्या विहिरीपुरते ठेवावे. शेजाऱ्याचे अंगण, नहाणी, बायका धुणे धुतात तो पाट, तोडणी टोळीच्या कोप्या यांवर ते रोखू नये. बाईमाणसाचे खासगी चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई कोणाच्याही खासगी चित्रणाला लागू होते. कायदा नसता तरी ते शोभणारे नव्हते. शक्य तेथे "येथे कॅमेरा आहे" अशी पाटी लावावी. चोरही पाटी वाचतो.

संचासोबत आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. २०१६ साली "मिराई" नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखभराहून अधिक कॅमेरे, राउटर व पेट्या ताब्यात घेतल्या. त्या सगळ्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेला होता. बसवणाऱ्या मुलाने आपल्या मोबाइलवर संच जोडून ठेवला असेल तर तो काम झाल्यावर काढून घ्यावा. नवा पासवर्ड घरातील दोघांना माहीत असावा आणि सातबाराच्या कागदांसोबत लिहून ठेवावा. पेटीवर चिकटवू नये.

दर अमावास्येला

एवढे सगळे लक्षात राहणे कठीण, म्हणून एकच सवय सांगतो. दर अमावास्येला, दिवेलागणीनंतर, दहा मिनिटे काढावीत. त्या रात्री चंद्र नसतो, तेव्हा कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. घरातल्या कोणीतरी फाटकापासून विहिरीपर्यंत चालत जावे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावे : चेहरा ओळखू येतो का? तारीख-वेळ बरोबर आहे का? मागच्या आठवड्यातले चित्रण उघडते का? वीज बंद केल्यावर चालू राहते का? काचेवर जाळे आहे का? पाचही उत्तरे ठीक आली तर पुढच्या अमावास्येपर्यंत काळजी नाही. एखादे चुकले तर वर दिल्याप्रमाणे शोध घ्यावा.

सभासदांनी आपापल्या वस्तीचा अनुभव गट कार्यालयातील आमच्या सहकाऱ्यांना अवश्य सांगावा. विचारायला येताना केबलची लांबी, तारेची जाडी, टोकाचे रात्रीचे व्होल्टेज आणि बिघाडाची वेळ, एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहून आणाव्यात. निम्मे उत्तर त्या कागदातच सापडते. सुरू लागणीची बेणे प्रक्रिया आणि खोडव्यातील नांगे भरणे यांविषयी पुढील अंकी.